दस्तक

मी शिरपूरला उर्दू आणि मराठी शिकवते. दोन भाषा शिकवणाऱ्याला काही शब्द फार छळतात, कारण ते दोन्ही घरांत राहतात आणि दोन्हीकडे वेगळं वागतात. ‘दस्तक’ हा त्यातलाच एक. उर्दूत दस्तक म्हणजे दारावरची थाप. जुन्या मराठी कागदपत्रांत दस्तक म्हणजे परवाना, नाक्यावर दाखवायची चिठ्ठी. मूळ फारसी ‘दस्त’, म्हणजे हात. एका भाषेत तो हात दार ठोठावतो. दुसऱ्या भाषेत त्या हातात कागद असतो आणि तो दाखवला की नाकेदार वाट सोडतो.

हल्ली संगणकासमोर बसलं की मला हे दोन्ही अर्थ आठवतात. लॉगिन करणं म्हणजे आधी थाप मारणं आणि मग परवाना मिळवणं. आम्हा शिक्षकांना दिवसातून किती दारांवर थाप मारावी लागते, याचा बाहेरच्यांना अंदाज नसेल. विद्यार्थ्यांच्या नोंदीसाठी सरल, शाळेच्या माहितीसाठी युडायस प्लस, पगारासाठी शालार्थ, प्रशिक्षणासाठी दीक्षा. शालेय पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर महाडीबीटी, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, डिजिलॉकर आणि आता अपार आयडी. प्रत्येक ठिकाणी नाव, पासवर्ड, ओटीपी. पालक सभेत एका आईनं मला विचारलं होतं, “मॅडम, इन सबका एकच पासवर्ड नहीं हो सकता क्या?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं ही एक गोष्ट. सगळ्या साइटसाठी एकच लॉगिन असणं ही दुसरी. पहिली घातक आहे. दहा दुकानदारांना तुम्ही घराच्या चावीची नक्कल दिलीत, तर त्यातल्या एकाच्या गल्ल्यातून ती चोरीला गेली तरी घर उघडं पडतं. दुसऱ्या पद्धतीत चावी एकाच ठिकाणी राहते. ते ठिकाण तुमची ओळख पटवतं आणि बाकीच्यांना फक्त चिठ्ठी लिहून देतं: ‘हा माणूस तोच आहे, आत सोडा.’ चावी त्यांच्या हाती जातच नाही. जुन्या मराठीतला दस्तक तो हाच.

ज्यांना यामागची यंत्रणा जाणून घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण लॉगिन केलं की ती साइट आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूणचिठ्ठी ठेवते, तिला कुकी म्हणतात. पुढच्या पानावर गेलं की ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो, म्हणून पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. पण एका पत्त्याची चिठ्ठी ब्राउझर दुसऱ्या पत्त्याला दाखवत नाही, आणि हा नियम आपल्या भल्याचाच आहे. एकाच मोठ्या पत्त्याखालच्या साइट, उदाहरणार्थ ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’च्या पोटातली निरनिराळी दालनं, ठरवलं तर आपापसांत चिठ्ठी वाटून घेऊ शकतात. पत्ते वेगळे असतील, तर मधे एक सामायिक नाका लागतो. प्रत्येक साइट आपल्याला त्या नाक्याकडे पाठवते, नाका ओळख तपासतो आणि चिठ्ठी देऊन परत पाठवतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८३ मध्ये अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला. हजारो विद्यार्थी, आवारभर पसरलेले संगणक, आणि कुणीही कुठल्याही संगणकावर बसावं अशी इच्छा. त्यासाठी त्यांनी केर्बेरॉस ही व्यवस्था बनवली. त्यातल्या चिठ्ठीला त्यांनी नाव दिलं ‘तिकीट’. आज आपण ‘गुगलने साइन इन करा’ हे बटण दाबतो, त्यामागे हाच विचार आहे.

आमच्या तालुक्यात हे समजावून सांगायला मला फास्टॅग बरा पडतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याहून निघालेला ट्रक आधी सोनगीरच्या टोलनाक्यावर आणि मग शिरपूरच्या टोलनाक्यावर थांबत असे, प्रत्येक ठिकाणी सुटे पैसे आणि पावती. आता काचेवर एक टॅग असतो आणि सगळे नाके तोच वाचतात. मुलांना हे लगेच कळतं, कारण वर्गात दोन-चार जणांचे वडील तरी गाडीवर असतात. त्यातल्याच एकानं मला पुढचा प्रश्न विचारला होता: “मॅडम, और टॅग दुसरे की गाडी का निकला तो?” या लेखाचा खरा विषय तोच आहे.

सरकारनं ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगरच्या डिजिटल इंडिया सप्ताहात ‘मेरी पहचान’ नावाची राष्ट्रीय एकल लॉगिन व्यवस्था सुरू केली. डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय, या तिघांपैकी कुठल्याही एका ओळखीनं अनेक सरकारी सेवांत जाता यावं, अशी ती योजना. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर २०२४-२५ पासून आधारवर बेतलेला १४ अंकी ओटीआर क्रमांक आला. तो एकदा काढला की विद्यार्थ्याच्या सगळ्या शिक्षणकाळात चालतो. अपार आयडी १२ अंकी असतो आणि डिजिलॉकरशी जोडलेला असतो. म्हणजे वाटा वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेक सगळ्या शेवटी आधारच्या एकाच विहिरीवर येतात.

आणि ती विहीर आमच्या शेजारचीच! देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, म्हणजे शिरपूरला लागूनच असलेल्या शहादा तालुक्यात, दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी तिथं आले होते. रंजना सोनवणे या महिलेला पहिला क्रमांक मिळाला. ज्यांच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही, त्यांना सरकारदरबारी ओळख मिळावी, ही त्यामागची भूमिका होती आणि ती चुकीची नव्हती. डोंगरपट्ट्यातल्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या, दरवर्षी घर बदलणाऱ्या माणसांसाठी ‘मी मीच आहे’ हे सिद्ध करणं किती कठीण असतं, हे खानदेशात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण एकाच ओळखीवर सगळी दारं उघडायची, तर ती ओळख सगळीकडे एकसारखी लिहिलेली हवी. आमच्या समाजाची पहिली ठेच इथेच लागते.

‘शेख’ हा शब्द घ्या. उर्दूत तीन अक्षरं: शीन, ये, खे. चुकायला जागाच नाही. मराठीत ‘शेख’, तेही सरळ. पण इंग्रजीत? कुठे एस-एच-ए-आय-के-एच, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, कुठे शेवटचा एच गायब. ‘मोहम्मद’ची कथा याहून लांब. कुठे पूर्ण, कुठे ‘मोहंमद’, कुठे ‘मो.’, इंग्रजीत कुठे चार अक्षरांत, कुठे दोनच अक्षरांत. माणसाला हे सगळं एकच वाटतं. संगणकाला ती चार वेगळी माणसं वाटतात.

दुसरी अडचण नावाच्या रचनेची. खानदेशात आपल्याकडे मुलाचं नाव ‘शेख अमुक शेख तमुक’ असं लिहायची रीत आहे. मुलाच्या आधी शेख, वडिलांच्याही आधी शेख. आता अर्जात तीन चौकोन असतात: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. भरणारा डावीकडून भरत जातो. पोराचं पहिलं नाव होतं ‘शेख’ आणि आडनाव होतं वडिलांचं नाव. शाळेच्या दाखल्यात ‘पिंजारी’ असतं, आधारवर ‘मन्सुरी’ असतं आणि रेशन कार्डावर नुसतं ‘शेख’. मुलीच्या नावामागे शाळेत ‘बी’ लागलेलं असतं, आधारवर ‘बानो’. प्रत्येक नोंदीमागे काहीतरी कारण आहे, कुणी खोटं सांगितलेलं नाही. जोवर प्रत्येक कार्यालय आपलं स्वतंत्र रजिस्टर ठेवत होतं, तोवर हे निभावलं. समोरचा कारकून वडिलांना ओळखत असे, मान डोलावून शिक्का मारत असे. सगळी रजिस्टरं एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा त्यांना आपसांत पटेना. अपार आयडीसाठी युडायस प्लसवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. जिथं जुळत नाही, तिथं मूल अडतं. म्हणजे एकाच लॉगिनच्या सोयीची किंमत आपल्याकडे आधी दुरुस्त्यांच्या रांगेत उभं राहून मोजावी लागते.

दुसरी ठेच फोनची. एकल लॉगिन ही व्यवस्था गृहीत धरते की माणूस एक, फोन एक, आणि फोन त्याच्याच खिशात. आपल्या किती घरांत असं आहे? फोन वडिलांचा, वडील गाडीवर किंवा सुरतला. आई निरक्षर किंवा फक्त कुरआन वाचण्यापुरती साक्षर. मुलीला फोन मिळतो तो भाऊ देईल तेव्हा. अशा घरातल्या मुलीची डिजिटल ओळख तिची असते खरी, पण तिची चावी कधीच तिच्याकडे नसते.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. दहावीनंतर तिनं अकरावी सायन्सला प्रवेश घेतला, शिष्यवृत्तीचा अर्ज एका दुकानात भरला. घरचा फोन त्या दिवशी हाताशी नव्हता, म्हणून दुकानातल्या मुलानं स्वतःचाच नंबर टाकला, पासवर्डही त्यानंच ठरवला. काम झालं, पैसे आले, सगळे खूश. पुढच्या वर्षी नूतनीकरण करायला गेली, तर दुकानाला कुलूप. तो मुलगा सुरतला कामाला गेलेला. पासवर्ड तिला माहीत नाही, आणि नवा काढायला ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. मुदतीचे चार दिवस उरलेले. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, बच्ची का सब कागज हय, लेकिन चाबी दुकानवाले के पास रह गई.”

मी विचारलं, “भाभी, त्याचा काही पत्ता?”

पत्ता निघाला त्याच्या मावशीकडून. दोन दिवस फोन लागेना, तिसऱ्या रात्री लागला. तो बिचारा सज्जन निघाला. कारखान्याच्या पाळीतून बाहेर येऊन त्यानं सहा आकडे वाचून दाखवले, माझ्या घरी बसलेल्या मुलीनं ते टाकले, आणि सगळ्यात आधी आम्ही नंबर बदलला. अर्ज वेळेत गेला. पण तो सज्जन नसता तर? किंवा त्यानं नंबरच बंद केला असता तर? आणि ते नुसत्या एका अर्जाचं खातं होतं. उद्या तोच नंबर डिजिलॉकरला असेल आणि डिजिलॉकरच्याच दस्तकावर दहा दारं उघडत असतील, तर त्या नंबरवाल्याच्या हातात मुलीचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, सगळंच असेल.

परक्याच्या हातातला दस्तक काय करू शकतो, हे आपल्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मुघल बादशहा फर्रुखसियरनं १७१७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिलं. वर्षाला ३,००० रुपये भरले की बंगालमध्ये कंपनीच्या मालाला जकात माफ. कंपनीनं दस्तक दाखवायचा, नाक्यानं माल सोडायचा. सवलत कंपनीच्या मालापुरती होती. पण कंपनीचे नोकर तोच दस्तक स्वतःच्या खासगी व्यापाराला वापरू लागले, एवढंच नाही, तर देशी व्यापाऱ्यांना विकूही लागले. नाक्यावरचा माणूस कागद पाहत होता, कागद कुणाच्या हातात आहे ते पाहण्याची त्याला सोय नव्हती. जकात बुडाली, प्रामाणिक व्यापारी बुडाले. मीर कासिमनं १७६३ मध्ये वैतागून सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली, म्हणजे दस्तकाला किंमतच उरू नये. कंपनीला ते सहन झालं नाही. पुढचं आपण शाळेत शिकतो: १७६४ची बक्सारची लढाई. परवाना खरा होता, शिक्का खरा होता, फक्त हात दुसऱ्याचा होता. त्या मुलानं टॅगबद्दल विचारलं होतं ते हेच.

एका चावीचा आणखी एक धोका आहे, तो सावध माणसालाही असतो. सप्टेंबर २०१८च्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं आधारचा निकाल दिला. चार विरुद्ध एक मतानं आधार वैध ठरलं, पण खासगी कंपन्यांनी ते मागण्यावर बंधन आलं. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, हेही न्यायालयानं सांगितलं. वेगळं मत देणारे न्यायमूर्ती चंद्रचूड यांची चिंता अशी होती की, एकच क्रमांक सगळीकडे जोडला गेला की माणसाचं सगळं आयुष्य एका धाग्यात ओवून पाहता येतं. आणि दोनच दिवसांनी, २८ तारखेला, फेसबुकनं जाहीर केलं की सुमारे पाच कोटी खात्यांना धोका पोचला आहे. पुढं हा आकडा तीन कोटींवर आला. चोरांनी पासवर्ड चोरलेच नव्हते, लॉगिननंतर मिळणाऱ्या चिठ्ठ्याच चोरल्या होत्या. फेसबुकचं लॉगिन वापरून लोक इतर साइटवरही जात असल्यामुळे काळजी एका साइटपुरती राहिली नाही. एक नाका फुटला की त्याच्या भरवशावर असलेली सगळी दारं धोक्यात येतात.

मग काय, वह्या भरून पासवर्ड लिहीत बसायचं? नाही. माझं मत एकल लॉगिनच्या बाजूनंच आहे. ज्या बाईला दहा पासवर्ड लक्षात ठेवता येत नाहीत, ती दहाही दुसऱ्याच्या स्वाधीन करते. एक असेल तर निदान तो स्वतःकडे ठेवण्याची शक्यता आहे. पण सोय खरी व्हायची असेल, तर नाव एक आणि चावी स्वतःच्या हातात, या दोन गोष्टी आधी पाहिजेत. म्हणून मी पालकांना काय सांगते, ते इथं लिहिते.

मूल पहिलीत घालतानाच शाळेचा दाखला आणि आधार समोरासमोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. उर्दूत बरोबर आहे म्हणून इंग्रजीत बरोबर असेल असं समजू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून दुरुस्ती घाईत, कुणाच्या तोंडी सांगण्यावरून करू नका. शाळा सोडल्यावर दाखल्यातली नोंद बदलणं फार जड जातं, तेव्हा जे करायचं ते मूल शाळेत असतानाच.

पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलाचे बोटांचे ठसे आधारवर द्यावे लागतात. पंधराव्या वर्षाचं काम अनेक जण विसरतात, आणि नेमकं दहावी-अकरावीच्या अर्जांच्या वेळी अडकतात. केंद्रावर जाल तेव्हाच मोबाइल नंबर घरातलाच आणि चालू असलेलाच आहे ना, हे बघून घ्या.

दुकानात अर्ज भरायला हरकत नाही, तो त्यांचा धंदा आहे आणि अनेक जण तो इमानानं करतात. पण नंबर तुमचा, ईमेल तुमचा, आणि पासवर्ड मुलीनं स्वतः, स्वतःच्या बोटांनी टाकायचा. डिजिलॉकरचा सहा अंकी पिन पावतीच्या मागे लिहून दुकानात ठेवायचा नाही.

काम झालं की नुसती खिडकी बंद करून उठू नका. एकल लॉगिनमध्ये ही चूक सर्रास होते. दुकानातल्या संगणकावर गुगलच्या ओळखीनं तुम्ही एखाद्या साइटवर गेलात आणि त्या साइटमधून बाहेर पडलात, तरी गुगल उघडंच राहतं. पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचा ईमेल दिसतो. बाहेर पडायचं ते मुख्य नाक्यावरून. आणि सहा महिन्यांतून एकदा आपल्या गुगल खात्यात जाऊन कोणकोणत्या ॲपला आपण चिठ्ठी देऊन ठेवली आहे ते पाहा. नको ती तिथूनच काढता येतात.

अपारसाठी मुलाच्या पालकांची संमती घेतात. त्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचा, नाही वाचता आला तर आम्हाला वाचून दाखवायला सांगा. विचारणं हा तुमचा हक्क आहे, त्यात शिक्षकाला राग येण्यासारखं काही नाही.

उर्दूतला आणखी एक शब्द मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल करून आला आहे. ‘अमानत’ची मराठीत ‘अनामत’ झाली. उर्दूत अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली वस्तू, जी जशीच्या तशी परत करायची असते. मराठीत अनामत ही पावती घेऊन ठेवलेली रक्कम. दुसऱ्याचा पासवर्ड हाती आला तर तो अमानत समजावा, हे आपल्या घरांत पोरांना सांगावं लागत नाही. पण आपला पासवर्ड दुसऱ्याकडे देताना मात्र आपण मराठी अर्थ ध्यानात ठेवायला हवा: पावतीशिवाय ठेवू नये, आणि वेळेत परत घ्यावा.

मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींना माझी एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या गल्लीतली चार घरं निवडा. प्रत्येक घरातल्या मुलांचे दाखले आणि आधार काढायला लावा, नावं ताडून पाहा, नंबर कुणाचा आहे ते विचारा, आणि जिथं तो परक्याचा आहे तिथं बदलायला मदत करा. एका घराला तासभर पुरतो. जूनमध्ये अर्जांची गर्दी सुरू होते, तोवर हे झालेलं असावं.